ग्रह घडवणारी यंत्रं हत्यार होतात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. विज्ञानकथेवर बेतलेले रोलप्लेइंग गेम, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांच्या मदतीने कथा रंगवायचे खेळ, खेळणाऱ्यांशी, आणि त्याहून जास्त ते चालवणाऱ्या गेममास्टरांशी, आज बोलायचं आहे. टेराफॉर्मिंगची, म्हणजे एखादा ग्रह राहण्याजोगा करणारी काल्पनिक यंत्रणा खेळात हत्यार म्हणून कशी आणावी, हा विषय.

पुष्कळदा होतं काय, की खलनायक कळ दाबतो, ग्रहाचं वातावरण पेटतं, गेममास्टर वर्णन करतो आणि खेळाडू नुसते ऐकत बसतात. हा तर साधा बॉम्ब झाला. टेराफॉर्मिंगचं यंत्र मुळात संथ असतं, आणि ज्यांच्यावर ते रोखलेलं असतं ते लोक त्याच्याच जिवावर जगत असतात. त्यामुळे ते उडवून देण्याची सोय खेळाडूंना नसते. सगळा ताण इथून निर्माण होतो. म्हणून यंत्र कथेत आणण्याआधी चार गोष्टी वहीत लिहून ठेवा: पल्ला किती, परिणाम दिसायला वेळ किती, झालेलं उलटवता येतं का, आणि यंत्र चालू ठेवायला रोज काय लागतं.

ग्रहावर जादा ऊन पाडणाऱ्या, कक्षेतल्या आरशापासून सुरुवात करू, कारण त्याचं गणित घरबसल्या करता येतं. ४ फेब्रुवारी १९९३ रोजी रशियाच्या ‘ज्नाम्या’ प्रयोगात २० मीटर व्यासाचा पातळ आरसा अवकाशात उलगडला, आणि सुमारे ५ किलोमीटर रुंदीचा उजेडाचा ठिपका युरोपवरून सरकत गेला. २० मीटरच्या आरशाचा ठिपका एवढा मोठा कसा? सूर्य आपल्याला बिंदूसारखा दिसत नाही, तबकडीसारखा दिसतो. त्या तबकडीच्या कडांकडून येणारे किरण आरशावरून परतताना पसरतात. मंगळावरून सूर्य सुमारे ०.३५ अंशाचा दिसतो, त्यामुळे तिथे ठिपका अंतराच्या साधारण १६४ व्या हिश्शाइतका तरी रुंद होणारच. आरशाला कितीही नेमका बाक दिला तरी त्याहून लहान होत नाही.

आता मंगळाच्या स्थिर कक्षेत, म्हणजे जिथून आरसा कायम एकाच जागेच्या वर राहतो तिथे, पृष्ठभागापासून सुमारे १७,००० किलोमीटरवर, १०० किलोमीटर व्यासाचा आरसा ठेवा. ठिपका निदान १०४ किलोमीटरचा, आणि त्याच्या मध्यभागी ऊन जेमतेम एका जादा सूर्याइतकं. मंगळावर मुळात दर चौरस मीटरला सुमारे ५९० वॅट ऊन मिळतं, म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा एका आरशाने शहर जाळायचं तुमच्या कथेत असेल, तर ते आताच खोडा. दहा आरसे एकाच ठिकाणी वळवले, तरी काळ्या, उष्णता आत झिरपू न देणाऱ्या पृष्ठभागाचं तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबतं. माणसाला आणि पिकाला तेवढं पुरेसं भयंकर आहे, धातू मात्र वितळत नाही.

हे दहा आरसे खालून कसे दिसतील? १७,००० किलोमीटरवरचा १०० किलोमीटरचा आरसा जवळपास सूर्याएवढाच दिसतो. म्हणजे वस्तीच्या आकाशात मध्यरात्री दहा सूर्य, एकाला लागून एक, आणि प्रत्येक खांबाला दहा सावल्या. चोरून करायचा हा हल्ला नव्हेच. तो पहिल्या मिनिटाला सगळ्यांना कळतो. आणि ठिपका ५०० किलोमीटर हलवायला आरसा जेमतेम ०.८५ अंश वळवावा लागतो, कारण आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. आज्ञावलीत दशांशचिन्हाची एक चूक झाली तरी भलतंच गाव उन्हात येतं. खेळाडूंनी यंत्रणेत घुसखोरी केली आणि फासे वाईट पडले, तर हीच चूक करवा.

दुसरी अडचण खुद्द उजेडाच्या दाबाची. एवढ्या आरशावर सूर्यप्रकाश सुमारे ३ टन वजनाइतका जोर लावतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चौरस मीटरला ५ ग्रॅमची फिल्म धरली तर अख्खा आरसा ३९,००० टनांचा, आणि तोंड सूर्याकडे असेल तर दिवसाकाठी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७० मीटरने बदलतो. सतत सावरलं नाही तर तो कक्षेतून भरकटतो. म्हणजे घातपाताला स्फोटकं लागतच नाहीत, सावरणारे लोक दोन दिवस गैरहजर राहिले की पुरे. बचाव एकच: आरसा सूर्याकडे कड करून उभा करायचा. जोर गेला, उजेडही गेला, आणि त्या उजेडावर वाढणारं खालचं पीक गारठलं. हा निर्णय खेळाडूंना घ्यायला लावा, खलनायकाला नको.

ग्रहाची हवा बदलायला सोडलेल्या वायूंकडे येऊ. मंगळाच्या वातावरणाचा दाब सरासरी ६ मिलिबारच्या आसपास आहे. त्यात फक्त १ मिलिबारची भर घालायला सुमारे ४ लाख कोटी टन वायू लागतो. म्हणून अख्ख्या ग्रहाची हवा एका सेशनमध्ये बदलणं हे कुठल्याही मांडणीत पटत नाही. हल्ला स्थानिक ठेवा: वस्तीचा एक हवाबंद घुमट, एक विवर, एक दरी. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि उतारावरून पाण्यासारखा वाहतो. २१ ऑगस्ट १९८६ रोजी कॅमेरूनमधल्या न्योस तलावातून तो अचानक बाहेर पडला आणि खालच्या खोऱ्यांत सुमारे १,७०० माणसं दगावली. नकाशा काढताना उंचसखल दाखवायला विसरू नका, जीव त्यावरच वाचतात.

घुमटाचा हिशेब असा. १०० मीटर त्रिज्येच्या अर्धगोल घुमटात सुमारे २१ लाख घनमीटर हवा मावते. त्यात कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांवर न्यायला सुमारे १५० टन लागतो. बाहेरची हवा आत ओढणारा पंप मिनिटाला १ टन सोडत असेल तर अडीच तास. कागदावर सहा घरांचं घड्याळ काढा, एक घर म्हणजे २५ मिनिटं. पहिल्या घरातच प्रमाण ०.५ टक्क्यांपुढे जातं, आणि कामाच्या जागी आठ तासांसाठी तीच मर्यादा मानतात. तिसऱ्या घरापर्यंत डोकं दुखतं, पाचव्यात धाप लागते, सहाव्यात जिवाला थेट धोका. पण यातला खरा धागा वेगळाच आहे. शेवटपर्यंत ऑक्सिजन जेमतेम २१ वरून २० टक्क्यांवर येतो, आणि ऑक्सिजनचा इशारा सहसा १९.५ च्या खाली वाजतो. म्हणजे भिंतीवरचा दिवा हिरवाच. पात्रांपैकी कुणी "ऑक्सिजन ठीक आहे, मग सगळ्यांचं डोकं का दुखतंय?" असं विचारलं, की त्या खेळाडूला फासे न टाकता उत्तर द्या. त्याने ते कमावलेलं आहे.

पाणी आणण्यासाठी वळवलेले लघुग्रह हे सर्वांत विध्वंसक, आणि सर्वांत संथही. १०० मीटर व्यासाचा खडक सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आदळला तर सुमारे १९ मेगाटन टीएनटी स्फोटकाइतकी ऊर्जा, आणि वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं ‘डार्ट’ यान डायमॉर्फॉसवर, म्हणजे एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर, आदळलं आणि त्याच्या प्रदक्षिणेचा वेळ सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. ढकलणं शक्य आहे, प्रश्न मुदतीचा आहे. सेकंदाला १ सेंटिमीटरचा धक्का दहा वर्षांत, नुसता गुणाकार केला तरी, ३,००० किलोमीटरचा फरक पाडतो. म्हणून हे प्रकरण लढाईपेक्षा तपासाला जास्त शोभतं: दहा वर्षांपूर्वीच्या नोंदवहीत तो सेंटिमीटर कोणी घातला?

ग्रह बदलायला सोडलेल्या जंतूंबद्दल थोडक्यात. रोज दुप्पट होणारा जंतू ३० दिवसांत शंभर कोटींपट होतो, पण त्याआधीच त्याचं फॉस्फरस किंवा नायट्रोजन संपतं. कुठलं पोषण आधी संपणार हे ठरवून ठेवा, तेच खेळाडूंचं उत्तर असतं.

कथेतल्या जगाला कायदाही द्या. पर्यावरणात फेरफार करून लढण्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार ५ ऑक्टोबर १९७८ पासून लागू आहे. व्यापक, दीर्घकाळ टिकणारा किंवा तीव्र, यांपैकी एकही परिणाम असला तरी बंदी. त्याच्या सोबतच्या स्पष्टीकरणात व्यापक म्हणजे काही शे चौरस किलोमीटर आणि दीर्घकाळ म्हणजे काही महिने किंवा जवळपास एक ऋतू असं धरलं आहे. आपला १०४ किलोमीटरचा ठिपका साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा भरतो. त्यामुळे ‘आम्ही नुसतं बर्फ वितळवत होतो’ हा बचाव कथेतल्या न्यायालयात रंगवण्यासारखा आहे, कारण हेतू शत्रुत्वाचा होता हे सिद्ध करावं लागतं.

शेवटी, हे यंत्र खेळाडूंच्याच हाती पडलं तर अडवू नका. दोन फासे टाकायला लावा, पण नेम लागला का हे त्यावर ठरवू नका. बेरीज १० किंवा जास्त आली तर परिणाम ठरवलेल्या जागीच होतो. ७ ते ९ आली तर तिथे होतो आणि शेजारीही सांडतो. त्याखाली सांडतोही आणि सगळ्यांच्या लक्षातही येतो. १० किंवा जास्त येण्याची शक्यता सहात एक आहे, हे फासे टाकण्याआधी त्यांना सांगा. आणि वस्तीच्या वस्ती मरण्याचे प्रसंग कुणाला नको असतील, तर ते पहिल्या सेशनच्या आधीच विचारून घ्या. घड्याळाचं सहावं घर भरल्यावर काय होतं, ते त्या उत्तराप्रमाणे बदला: मृत्यूऐवजी घुमट कायमचा सोडून जाणं, किंवा कुणीतरी दुसऱ्याने पंप आपल्या ताब्यात घेणं.