इन्व्हर्टरचा कंडेन्सर: नुसते एमएफडी आणि व्होल्ट जुळवू नका

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली परत तोच प्रश्न आलाय. "दादा, २२०० एमएफडी २५ व्होल्टचा नवा टाकला, महिन्यात परत फुगला." (एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरड, कंडेन्सरची साठवण.) तिघाचौघांनी बोर्डाचे फोटोही पाठवलेत. म्हणून आज फक्त कंडेन्सर.

आधी नेहमीचं, पटकन. प्लग काढा, बॅटरीची मायनस वायर काढा, कंडेन्सर रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणग्या पाडू नका. पट्टीची बाजू मायनस. १२ व्होल्टची बॅटरी चार्जिंगला साडेचौदापर्यंत चढते, म्हणून १६ व्होल्टचा नको, २५ चा घ्या. बरेच जण विचारतात, ३५ चा चालेल का? बसत असेल तर खुशाल लावा. झालं.

आता हे दोन बघा. जवळ धरतो. दोन्ही २२००, दोन्ही २५ व्होल्ट. याच्या अंगावर ८५ डिग्री छापलंय, याच्यावर १०५. हा दुसरा लो ईएसआर, म्हणजे आतला रेझिस्टन्स कमी असलेल्या सिरीजचा आहे आणि थोडा जाडही आहे. आपण काउंटरवर जाऊन "२२००-२५ द्या" एवढंच म्हणतो आणि समोरचा हाताला लागेल तो देतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत जा नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, अर्धवट मागितलं तर अर्धवटच मिळणार. "१०५ डिग्री, लो ईएसआर" हे शब्द तोंडातून निघालेच पाहिजेत.

कारण सांगतो. ६०० वॅटचा लोड टाकला की १२ व्होल्टच्या बॅटरीतून साठ अँपच्या आसपास करंट ओढला जातो. साइनवेव्ह इन्व्हर्टरचे मॉसफेट, म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक स्विच, तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. बॅटरी लांब, वायर लांब, तेवढ्या घाईत तिथून करंट पोचत नाही. तो झटका शेजारचा कंडेन्सर देतो, परत भरतो, परत देतो. त्याच्या पोटात थोडा रेझिस्टन्स असतोच, तोच ईएसआर. समजा हा भरण्या-देण्याचा करंट, म्हणजे रिपल, तीन अँपचा आहे. ईएसआर ०.०२ ओहम असेल तर आत ०.१८ वॅट उष्णता होते. ०.३ ओहम असेल तर २.७ वॅट! बंद डब्यात, हीटसिंकच्या कुशीत. फुगणारच तो.

"मीटरवर २१५० दाखवतंय, म्हणजे चांगलाच आहे ना?" या कमेंटला उत्तर देऊन मी थकलोय, तरी परत सांगतो. साधा मल्टिमीटर साठवण मोजतो. ईएसआर तो दाखवत नाही. साठवण पूर्ण भरतेय आणि ईएसआर दहापट झालाय, असे कंडेन्सर माझ्या डब्यात ढिगाने पडलेत. ईएसआर मीटर घ्या, बोर्डवरच चेक होतं.

हे मी स्वतः भोगलंय. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंचा इन्व्हर्टर दुरुस्त केला होता. मीटरवर आकडा अगदी बरोबर आला, मी ८५ डिग्रीवाले चार बसवून दिले. जिन्याखाली, हवा नाही अशा जागी तो ठेवलेला. ऐन मे महिन्यात परत आला. झाकण उघडलं तर चारही टोप्या फुगलेल्या, आणि झटके सोसून सोसून मॉसफेटही गेलेले. लग्नसराईचे ब्लाउज अडकून पडले त्यांचे. दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, पण त्यांचे बुडालेले दिवस काही मला भरून देता आले नाहीत.

आता डिग्रीचा हिशोब. तापमान दहा डिग्रीने उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, हा ढोबळ नियम. दोघांवर २००० तास लिहिलंय आणि आत ६५ डिग्री आहे असं धरा. ८५ वाल्याला दोन पायऱ्या मिळतात, म्हणजे ८००० तास. १०५ वाल्याला चार, म्हणजे ३२,०००. किमतीत फरक काही रुपयांचा.

आणखी एका ताईंनी विचारलंय, चार छोट्यांऐवजी एकच १०,००० चा मोठा टाकला तर? नको. चौघांत रिपल वाटला जातो, चौघांचे ईएसआर पॅरलल होतात. एक गेला असेल तरी चारही बदला.

आउटपुटला २३० व्होल्टवर जो चौकोनी किंवा गोल फिल्म कंडेन्सर असतो, त्याची गोष्ट वेगळी. त्यावर "४४० व्हीएसी" असेल तर एसीचाच घ्या. ४०० व्होल्ट डीसीचा इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे वरच्यासारखा प्लस-मायनसवाला, तिथे लावलात तर तोंडावर फुटेल.

बसवून झाल्यावर बॅटरीच्या प्लसला सिरीजमध्ये गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब लावा, लोड काहीच नको. बल्ब क्षणभर पेटून विझत आला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर मॉसफेट शॉर्ट आहेत, तिथेच थांबा. सगळं बरं असेल तर बल्ब काढा, दोन पंखे अर्धा तास चालवा, मग सगळं बंद करून डिस्चार्ज करा आणि टोप्यांना बोट लावून बघा. चारही सारख्याच कोमट लागायला हव्यात. एखादी चटका देत असेल तर फोटो काढा आणि मला पाठवा, त्यावर छापलेलं सगळं वाचता येईल असा.