ऑक्सफर्ड 'नाही' म्हणालं तेव्हा

जून महिन्यातली सकाळ. ऑक्सफर्डमध्ये लाल झगे घातलेली मंडळी पीच, स्ट्रॉबेरी आणि शॅम्पेनचा आस्वाद घेताहेत. लॉर्ड क्रू नावाच्या बिशपनं ठेवून गेलेल्या देणगीतून हा पाहुणचार आजही होतो. थोड्या वेळानं मिरवणूक शेल्डोनियन थिएटरकडे निघेल. मानकरी डिव्हिनिटी स्कूलमध्ये थांबून नोंदवहीत सही करतील. मग दारं उघडतील, एकेकाला पुढे आणलं जाईल आणि त्याच्या कामाचा गौरव होईल, तोही लॅटिनमध्ये. परीक्षा नाही, प्रबंध नाही. ही मानद पदवी.

पण हा झाला सोहळा. निर्णय कितीतरी आधी झालेला असतो. नावं गुप्तपणे सुचवली जातात, समिती ती पारखते, विद्यापीठाची परिषद पुढे पाठवते. शेवटचा शब्द मात्र शिकवणाऱ्यांच्या सभेचा. सहसा तिथं कुणी हरकत घेत नाही.

२९ जानेवारी १९८५ ला घेतली. नाव होतं पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं. याच विद्यापीठाच्या सॉमरव्हिल कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकल्या होत्या. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या पंतप्रधानांना ही पदवी द्यायची, असा महायुद्धानंतरचा रिवाजच पडला होता. पण त्यांच्या सरकारनं शिक्षणाच्या आणि संशोधनाच्या पैशाला कात्री लावली होती, आणि प्राध्यापक ते विसरले नव्हते. मतं मोजली गेली. बाजूनं ३१९, विरोधात ७३८. सत्तेवर असलेल्या पंतप्रधानांना त्यांच्याच विद्यापीठानं नकार दिला! मला तरी या पदवीची खरी किंमत त्या दिवशी कळते.

पदवी घ्यायला माणसानं स्वतः ऑक्सफर्डला यायचं, हा इथला शिरस्ता. एकदा मात्र ऑक्सफर्डच उठून माणसाकडे गेलं.

७ ऑगस्ट १९४०. शांतिनिकेतन. युरोपात युद्ध पेटलेलं. रवींद्रनाथ ठाकूर ७९ वर्षांचे, प्रकृतीनं थकलेले. मग तिथल्या सिंह सदनातच ऑक्सफर्डचा पदवीदान समारंभ भरला. तेव्हाच्या भारताच्या फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर आणि ऑक्सफर्डमध्ये शिकवणारे सर्वपल्ली राधाकृष्णन विद्यापीठाच्या वतीनं आले. रीतीप्रमाणे गौरव लॅटिनमध्ये वाचला गेला.

रवींद्रनाथांनी उत्तर दिलं, ते संस्कृतमध्ये.

पुढच्या वर्षी, त्याच तारखेला, ते गेले.