शहरातील विवस्त्र छायाचित्रे: संमती कोणाची?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

शहराच्या सार्वजनिक जागेत विवस्त्र माणसांची छायाचित्रे काढू द्यावीत का, आणि द्यावीत तर कोणत्या अटींवर, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. अटींकडे मी शेवटी येईन. त्याआधी स्पेन्सर ट्यूनिक या अमेरिकी छायाचित्रकाराची हकिगत विस्ताराने सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण या विषयावरचे माझे मत तिच्यातूनच घडले आहे.

ट्यूनिक १९९२ पासून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर विवस्त्र व्यक्तींची छायाचित्रे काढू लागला. आरंभी एकेका व्यक्तीची, पुढे समूहांची. पहाटेची वेळ, रहदारी सुरू होण्यापूर्वीचा रस्ता, थोडक्या अवधीत काम उरकून सर्वांनी पुन्हा कपडे चढवायचे, अशी त्याची पद्धत आहे. लोक स्वेच्छेने येतात, संमतिपत्रावर सही करतात आणि मोबदला म्हणून छायाचित्राची एक प्रत घेतात. परंतु तो काळ महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या कडक शिस्तीचा होता, आणि पोलिसांनी ट्यूनिकला वारंवार अटक केली. १९९४ मध्ये रॉकफेलर सेंटरपाशी एकाच विवस्त्र व्यक्तीचे छायाचित्र घेताना तो पकडला गेला, आणि १९९९ च्या एप्रिलमध्ये टाइम्स स्क्वेअरवर सुमारे दीडशे माणसे रस्त्यावर पहुडलेली असताना त्याला पुन्हा अटक झाली.

त्याच वर्षी पोलिसांनी आपल्याला अडवू नये म्हणून तो स्वतःच न्यायालयात गेला. येथून पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक ठिकाणी अंगप्रदर्शन करण्यास न्यूयॉर्क राज्याचा कायदा मनाई करतो; मात्र नाटक, प्रदर्शन किंवा करमणुकीचा प्रयोग यांत भाग घेणाऱ्यांना त्याच कायद्याने सूट दिली आहे. शहराच्या वकिलांचे म्हणणे असे की, ही सूट चार भिंतींच्या आतल्या प्रयोगांपुरतीच आहे. म्हणजे विवस्त्र शरीर कलेचा विषय होऊ शकते हे शहराला मान्य होते. वाद होता तो त्याला रस्ता द्यायचा की नाही, एवढाच. खालच्या न्यायालयाने ट्यूनिकच्या बाजूने आदेश दिला, वरच्या न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, प्रकरण जवळजवळ वर्षभर रेंगाळले आणि २००० च्या मे महिन्यात तो अपिलातही जिंकला. शहर सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथे न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी शहराचा अर्ज फेटाळला, आणि ४ जून २००० च्या रविवारी पहाटे विल्यम्सबर्ग पुलाखाली त्याने आपले छायाचित्र रीतसर घेतले. एका पहाटेच्या रस्त्यासाठी एवढे सगळे करावे लागले, आणि म्हणूनच हा लढा मला मोलाचा वाटतो.

त्यानंतर जगातल्या शहरांनी त्याला बोलावून घेतले. २०१६ मध्ये इंग्लंडमधील हल शहरात ३,२०० माणसे निळ्या रंगाच्या चार छटांनी अंग रंगवून रस्त्यांवर उभी राहिली. ६ मे २००७ रोजी मेक्सिको सिटीच्या झोकालो चौकात सुमारे १८,००० लोक जमले होते. त्या चौकाचे छायाचित्र पाहताना आपली नजर एकेका देहावर फार काळ ठरत नाही. थोड्याच वेळात ती फरसबंदीचा विस्तार, कॅथेड्रलची उंची आणि एरवी दिवसभर वाहनांच्या गराड्यात असलेल्या त्या जागेचा आकार न्याहाळू लागते. या छायाचित्रांचा खरा विषय शहर आहे, असे मी मानतो.

परंतु त्याच सकाळी झोकालोत आणखी एक गोष्ट घडली आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समूहाचे काम संपल्यावर पुरुषांनी कपडे घातले आणि केवळ स्त्रियांची छायाचित्रे घेणे सुरू झाले. तेव्हा त्यांतले काही पुरुष आपल्या मोबाइलवर त्या स्त्रियांची छायाचित्रे काढू लागले. काही वेळापूर्वी हीच माणसे एकमेकांशेजारी तशीच उभी होती आणि कोणालाही संकोच वाटत नव्हता. देह तेच राहिले आणि चौकही तोच राहिला, बदलली ती संमती: स्त्रियांनी ती एका कॅमेऱ्याला दिली होती, शेकडो कॅमेऱ्यांना नव्हे. अश्लीलता कोठे असते असे मला कोणी विचारले, तर मी त्या मोबाइलांकडे बोट दाखवीन.

आपल्याकडे लोकांना हे दृश्य सोसवणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात नागा साधूंच्या मिरवणुका आपण पाहतो, त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. सांगली-कोल्हापूरकडे दिगंबर जैन मुनी भर रस्त्याने विहार करतात आणि लोक हात जोडतात. तो नग्नपणा वैराग्याचा आहे आणि कलेशी त्याची सरसकट तुलना मी करणार नाही. परंतु आपली नजर संदर्भ ओळखते, एवढे तरी त्यातून सिद्ध होते. र. धों. कर्वे यांनी तर ‘समाजस्वास्थ्य’च्या मुखपृष्ठांवर नग्न चित्रे छापली होती, आणि त्या मासिकातील मजकुरावरून भरलेल्या अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले होते. या खटल्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे, अशी माझी आयोजकांना विनंती आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी पाठवली आहे, तेव्हा कायदा आणि अटी यांविषयी थोडक्यात बोलतो. केवळ नग्नतेमुळे छायाचित्र अश्लील ठरत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये टेनिसपटू बोरिस बेकर यांच्या छायाचित्राच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही २०२० मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचे, पत्नीने काढलेले छायाचित्र प्रसिद्ध केल्याबद्दल मिलिंद सोमण यांच्यावर गोव्यात गुन्हा नोंदवला गेला. भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ सार्वजनिक जागेतील अश्लील कृतीला शिक्षा सांगते, परंतु त्यासाठी इतरांना त्रास होणे आवश्यक धरते. म्हणजे वाटसरूची संमती किंवा नापसंती कायद्याने आधीच मोलाची मानली आहे.

म्हणून अटी अशा असाव्यात: जागा आणि वेळ आधी जाहीर करावी, परिसरातील रहिवाशांना लेखी कळवावे, तेवढा रस्ता तेवढ्या वेळेपुरता बंद करावा, म्हणजे ज्याला पाहायचे नाही त्याच्यावर ते दृश्य लादले जाणार नाही. सहभागी सर्व सज्ञान असावेत, त्यांची संमती लेखी असावी आणि प्रत्यक्ष छायाचित्र घेईपर्यंत ती मागे घेता यावी. बंद केलेल्या भागात इतर कोणाचाही कॅमेरा नसावा. संमतीवाचून कोणाच्याही गुप्तांगांचे छायाचित्र काढणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई अन्वये गुन्हा आहे. व्यक्ती सार्वजनिक जागेत होती, एवढ्यावरून तिची खासगी राहण्याची अपेक्षा संपत नाही, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. ते कलम अशा वेळी पोलिसांनी तत्परतेने वापरावे. चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी मुंबईत रस्ते बंद करण्याची परवानगी नेहमी दिली जाते, त्यासाठी अर्ज, शुल्क आणि बंदोबस्त यांची व्यवस्था आहे. त्याच अर्जात या अटी जोडाव्यात आणि त्या पूर्ण करणाऱ्या छायाचित्रकाराला परवानगी द्यावी, एवढीच माझी मागणी आहे.