हुकूम एकाचाच

श्रोतेहो, नमस्कार. कोकणात आगीचे दिवस शिमग्याच्या आधीच सुरू होतात. कातळावरचं गवत वाळतं, काजूच्या बागेत पाचोळा साचतो, गोठ्याच्या माळ्यावर पेंढा असतो. शहरातला बंब वळणं घेत येईपर्यंत गोठा बसतो, आणि आला तरी पाखाडीच्या अरुंद पायऱ्यांनी वाडीत उतरत नाही. म्हणून गावाचं स्वतःचं अग्निशमन पथक हवंच. मात्र बैठक भरली की पहिला विषय निघतो पंपाचा. पंप नंतर, मंडळी. आधी हुकूम कोणाचा ते ठरवा.

१४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज लागलेलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. त्यातही दोन नंबरच्या कोठारात कापूस खाली, स्फोटकं वर! दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं, पण आग नेमकी कुठे आहे ते धुरात सापडेना. कापसाची गाठ आत धुमसते, वरून ओतलेलं पाणी तिथवर पोचतच नाही. पेंढ्याची गंजी विझवलेल्या माणसाला हे सांगायला नको.

आणि धक्क्यावर काय चाललं होतं? कोणी म्हणे जहाज इथेच बुडवा, कोणी म्हणे बाहेर समुद्रात न्या. गोदीचे अधिकारी वेगळे, लष्कराचे वेगळे, कप्तान वेगळा, आणि ‘आता हेच करा’ असं ठामपणे सांगणारा एकही नाही. दोन तास असे गेले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्या जहाजावरच्या सोन्याच्या विटांची गोष्ट लोक अजून रंगवून सांगतात. मला वाटतं, शाळेत मुलांना आधी हे ६६ जण सांगावेत. ते शेवटपर्यंत पाणी मारत होते. हुकूम देणारा एक नव्हता.

म्हणून पुन्हा सांगतो, हुकूम एकाचाच. तो सरपंचच असावा असं नाही. बारमाही गावात राहणारा हवा, आणि तो बाहेरगावी असेल तर त्याच्या जागी कोण, हेही आधीच ठरलेलं हवं. पथकात गवंडी, रिक्षावाले, खलाशी घ्या. गणपतीला येणारे चाकरमानी हौशी असतात, पण एप्रिलच्या दुपारी ते लोअर परळला असतात. घराला आग लागली तर आधी वायरमनला फोन. वीज तोडल्याशिवाय पाणी मारायचं नाही.

आता पंप. मिनिटाला २७५ लिटर फेकणारा, चौघांनी उचलायचा पंप वाडीला पुरतो. पिकअपवर हजार लिटरची टाकी ठेवलीत तर ती चार मिनिटांच्या आत रिकामी होते, म्हणून टाकी चालू असतानाच दुसऱ्यांनी विहिरीत पाईप सोडायचा. पंप पाणी खालून ओढतो ते जेमतेम ७ मीटर. मे महिन्यात विहीर त्याखाली गेली की इंजिन कितीही दामटा, पाणी चढत नाही. इंजिन विहिरीत तर उतरवूच नका, धुराने माणूस गुदमरतो. उन्हाळ्यात दोर सोडून प्रत्येक विहीर मोजा. पाणी ७ मीटरच्या आत असलेल्या विहिरीच्या काठावर पांढरा पट्टा मारा.

भाजावळ, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब जाळणं, मात्र सकाळीच करा हो, दुपारी खारा वारा सुटला की राब आवरत नाही.

खाडीचं पाणी वापरलंत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने पंप दहा मिनिटं चालवा, नाहीतर आतला पंखा गंजून अडकतो. कापडी होज ओली गुंडाळून ठेवली की पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि ऐन वेळी ती फाटते. धुऊन, पडवीच्या वाशाला उभी टांगून, सावलीत पुरती वाळवा आणि मगच गुंडाळा.