आक्काचा फोटो

(दृश्य : शहापूर, बेळगाव. सकाळ. अर्धवट वर गेलेलं शटर, काचेमागं ओळीनं लावलेले फोटो.)

शहापूरच्या या गल्लीत मागांचा खटखटाट आता तुरळक ऐकू येतो. फोटो स्टुडिओ मात्र तग धरून आहे. इथं पासपोर्टचे फोटो निघतात, बारशाचे निघतात, आणि आणखी एक निघतो. 'दाखवायचा फोटो' एवढं म्हटलं की स्टुडिओवाल्या मामांना कळतं. मुलगी साडी नेसून आलेली असते. सोबत आई किंवा मावशी. मागचा पडदा कुठला घ्यायचा हे मुलगी सोडून बाकी सगळे ठरवतात.

मामा सांगतात, फोटो हातात आला की मुलगी पहिलं वाक्य एकच बोलते : "ही मी नव्हेच. माझं नाक असं कुठं आहे?" आणि शेजारची आई म्हणते, "अगं, अशीच तर आहेस की!" गिऱ्हाईक कन्नड बोलणारं असलं तर मैत्रीण म्हणते, "छंद बंदैति नोड," छान आलाय बघ. मुलीचं तोंड मात्र उतरलेलंच.

दोघी खरं बोलत असतात.

१९७७ साली अमेरिकेत तीन संशोधकांनी कॉलेजातल्या मुलींचे फोटो काढले आणि प्रत्येकीच्या फोटोच्या दोन प्रती केल्या. एक सरळ, दुसरी डावं-उजवं बदललेली, आरशात दिसते तशी. कुठली आवडली असं विचारल्यावर मुलींचा कल आरशातल्या प्रतीकडे गेला आणि त्यांच्या जवळच्या माणसांचा सरळ प्रतीकडे. चेहरा तोच, उजेड तोच. फरक एवढाच, की आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो. आपला भांग, ओठाजवळचा तीळ, किंचित खाली असलेली एक भुवई, सगळं आपल्याला उलट्या बाजूनं ठाऊक असतं. आईला ते सरळ ठाऊक असतं.

त्याच्या नऊ वर्षं आधी, १९६८ साली, रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. त्यानं लोकांना अर्थ नसलेले शब्द दाखवले, चिनी वळणाची अक्षरं दाखवली, अनोळखी चेहरे दाखवले. जे जास्त वेळा दिसलं, ते जास्त बरं वाटलं.

मराठीत आपण 'देखणा' म्हणतो, 'देखणी' म्हणतो. शब्द 'देखणे' या क्रियापदातून आलेला. म्हणजे शब्दातच बघणारा बसलेला आहे. ही फिल्म त्या बघणाऱ्याबद्दल आहे.

(दृश्य : तालीम. पहाटेचा अंधार, हौद्यातली तांबडी माती, घामानं चमकणाऱ्या पाठी.)

या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात. तिच्या वासानंच तालीम ओळखू येते. आता या वस्तादांच्या कानांकडे बघा. जोडीदाराच्या डोक्याची, खांद्याची धडक कानावर बसते, कूर्चेवरचं, म्हणजे कानातल्या लवचिक हाडावरचं, आवरण सुटतं, मधे रक्त साकळतं. कूर्चेला पोषण मिळेनासं होतं आणि कान गाठीसारखा घट्ट होऊन बसतो. दवाखान्यात याला इजा म्हणतील. एखाद्या ऑफिसात, मुलाखतीला गेलात तर समोरचा नजर चुकवेल.

पण तालमीत हाच कान दागिना. आम्ही चित्रीकरण करत होतो तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा कोपऱ्यात बसून स्वतःचा कान चाचपत होता. अजून मऊ आहे, म्हणाला. कुस्तीच्या मैदानात असा कान घेऊन म्हातारा माणूस आला तर लोक सरकून जागा करतात. तालमीबाहेर पन्नास पावलांवर रस्ता आहे, आणि त्या पन्नास पावलांत तोच कान देखणा असतो आणि नसतोही.

(दृश्य : खानापूर तालुका. भातशेती. ओसरीवर बसलेली आज्जी. तिच्या हातांचा जवळून फोटो.)

ही माझी आज्जी. कपाळावर गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके, दोन्ही हातांवर वेल. हिरवट निळं, आता सुरकुत्यांत पसरलेलं. तिच्या लहानपणी गोंदणारी बाई दारात यायची आणि पोरींना धरून बसवावं लागायचं. "आमच्या वेळेला गोंदण नसलं तर पोरगी उघडी वाटायची," आज्जी म्हणते. "वर जाताना अंगावरचं सोनं काढून घेतात. हे कोण काढणार?"

माझ्या आईनं गोंदवून घेतलं नाही. तिच्या पिढीला ते खेडवळ वाटू लागलं होतं. आणि आता बेळगावात टॅटूच्या दुकानात मुली पैसे मोजून मनगटावर वेल काढून घेतात. आज्जीला मी तसा एक फोटो दाखवला. तिनं तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, "दुखलं का गे तिला?"

तीन पिढ्या, एकच घर, आणि कातडीवरच्या त्याच ठिपक्यांना तीन वेगळे डोळे.

तरी सगळंच सवयीवर ढकलता येत नाही, हेही सांगायला हवं. ज्युडिथ लँग्लॉइस या संशोधिकेनं १९८७ साली पाहिलं, की मोठ्यांना सुंदर वाटणाऱ्या चेहऱ्याकडे दोन-तीन महिन्यांची तान्ही मुलंसुद्धा जास्त वेळ टक लावून बघतात. त्यांनी अजून ना जाहिरात पाहिलेली असते, ना कांदेपोह्यांचा कार्यक्रम.

का बघत असावीत? एक धागा फार जुना आहे. १८७८ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकानं इंग्लंडमधल्या गुन्हेगारांचे फोटो एकावर एक छापले. त्याला गुन्हेगाराचा खास चेहरा हुडकायचा होता. झालं उलटंच. एकेकाच्या चेहऱ्यातलं वाकडंतिकडं पुसलं गेलं आणि मिळून तयार झालेला चेहरा बरा दिसू लागला. शंभरहून जास्त वर्षांनी, १९९० साली, लँग्लॉइस आणि तिच्या सहकारी संशोधिकेनं कॉम्प्युटरवर हेच केलं. सोळा किंवा बत्तीस चेहरे मिसळून केलेला चेहरा लोकांना बहुतेक सुट्या चेहऱ्यांपेक्षा आकर्षक वाटला. डोळ्याला सरासरी भावते.

पण सरासरी कुणाची? माझ्यासाठी सगळा प्रश्न इथं आहे. २००३ सालच्या एका प्रयोगात लोकांना काही मिनिटं मुद्दाम ताणलेले किंवा दाबलेले चेहरे दाखवले. तेवढ्यानं त्यांची आवड त्या दिशेला सरकली. काही मिनिटांत. मग जन्मभर एकाच तऱ्हेचे चेहरे समोर ठेवले तर काय होत असेल?

(दृश्य : बेळगावचं बसस्थानक. उतरणारी माणसं. कॅमेरा हळूहळू वर, होर्डिंगकडे.)

इथं थोडा वेळ थांबा. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारे चेहरे शेजारून जातात. सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेल्या बायका, निपाणीकडचे शेतकरी, गोव्याहून परतलेली पोरं. गव्हाळ, सावळे, काळे, रापलेले. आता मान वर करा. होर्डिंगवर यांच्यातलं कुणी नाही.

गोरेपणाचं वचन देणारं सर्वांत गाजलेलं क्रीम आपल्या देशात १९७५ साली बाजारात आलं. २०२० साली त्याच्या नावातला गोरेपणाचा शब्द काढला गेला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत वाढलेले डोळे आपले आहेत.

फिजी बेटांवर भरलेलं, दणकट शरीर सुंदर मानलं जाई. तिथल्या एका भागात १९९५ साली टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधिकेनं तेव्हा शाळकरी मुलींशी बोलून पाहिलं. वजन उतरावं म्हणून मुद्दाम उलटी काढणारी एकही सापडली नाही. १९९८ साली त्याच वयाच्या मुलींत शंभरात अकरा सापडल्या.

(दृश्य : बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती. छतातलं दगडी कमळ.)

किल्ल्यातली ही कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, रट्ट राजघराण्याच्या काळातली. आत तीर्थंकर नेमिनाथांची मूर्ती आहे. सौंदर्याचं मोजमाप तेव्हाही होतं. शिल्पशास्त्रात ताल हे माप, चेहऱ्याच्या लांबीएवढं. नवताल मूर्ती म्हणजे नऊ चेहरे उंचीची, दशताल म्हणजे दहा.  हे माप मूर्ती घडवण्यासाठी होतं. ते देवाचं होतं, आणि शेतात राबणाऱ्या बाईनं त्यात बसावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. होर्डिंगवरचा चेहराही आता मशीनवर घडवलेला असतो. फक्त तो 'तुझ्यासारखीच मुलगी' म्हणून दाखवला जातो. मला हे जास्त क्रूर वाटतं.

(दृश्य : बायोडाटाचा कागद. 'वर्ण' या शब्दापाशी बोट.)

माझी आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि सावळी. मी उजळ. आईवडील तेच. वर्ण अनेक जनुकांच्या हिशेबानं ठरतो. त्यातल्या एका महत्त्वाच्या जनुकाची ओळख २००५ साली पटली, तीही एका छोट्या माशाच्या अभ्यासातून. त्यातलं एकच अक्षर बदललं की रंग उतरतो. एका अक्षरानं पडणारा फरक.

आक्काला बघायला मंडळी यायची त्या दिवशी आई मला मावशीकडे पाठवायची. कारण कुणी सांगितलं नाही. मला ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळलं, आक्काला पहिल्याच. तिचा दाखवायचा फोटो एका ठिकाणी दोन छटा उजळ करून घेतला होता. एका पाहुण्यांनी पोहे खाल्ले, फोटो काढून तिच्या चेहऱ्याशेजारी धरला, आणि काही न बोलता परत पाकिटात घातला. आक्का अजून ते पाकीट आठवते. तपकिरी होतं, म्हणते.

(दृश्य : परसदार. आक्का तांदूळ निवडते आहे. आवाज फक्त सुपाचा.)

हे चित्रीकरण आम्ही खानापूरच्या घरी केलं. संकलनाला बसलो तेव्हा आक्काचं हे दृश्य आलं आणि माझा हात आपसूक उजेड वाढवायच्या बटणाकडे गेला. चेहरा खुलला. मीच 'छान' म्हणाले. मग सुपातल्या तांदळांकडे लक्ष गेलं. ते पांढरेफटक होऊन त्यांचे दाणे दिसेनासे झाले होते.

मी ते परत मूळ जागी आणलं. दुपारचे साडेतीन वाजलेत, फणसाच्या झाडाखालची सावली आहे, आणि आक्का खडे वेचते आहे. हे दृश्य दोन मिनिटांचं आहे. या दोन मिनिटांत मी काही बोलणार नाही.