सांध्यासाठी राउटर घेताना

मित्रांनो, राउटर (फिरत्या पात्याने, म्हणजे बिटाने, लाकडात खाचा आणि भोकं पाडणारं यंत्र) घ्यायला दुकानात गेलं की आपण पहिल्यांदा वॅट विचारतो. माझं म्हणणं असं की आधी कॉलेट, म्हणजे बिटाचा दांडा धरणारी पकड, किती सुताचं आहे ते विचारा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आणि त्याही आधी, आपल्याला सांधा कोणता करायचाय ते घरूनच ठरवून जा.

आपल्यापैकी बहुतेकांकडे ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर, असतो. सनमायकाच्या कडा मारायला घेतलेला, 500-700 वॅटचा, दोन सुती. फळी बसवायची उथळ खाच, ड्रॉवरच्या तळाची खाच, ही कामं तो उत्तम करतो. कुसू (दुसऱ्या लाकडाचं सांध्यात शिरणारं टोक) बसवायचं भोक मात्र त्याच्याकडून घेऊ नका. मी घेतलं होतं. कपाटाच्या दाराची सागवानी फ्रेम, भोक 25 मिलिमीटर खोल. बिटाचा दांडा 6 मिलिमीटरचा आणि कॉलेट दोन सुताचं, म्हणजे 6.35 मिलिमीटरचं. आवळल्यावर बसल्यासारखं वाटलं. पण स्पायरल, म्हणजे पिळाचं, बिट भुसा वर फेकतं तेव्हा स्वतः लाकडात ओढलं जातं. ते हळूहळू सरकत गेलं, भोकाचा तळ उतरता झाला, बाजू फुगल्या. कुसू घातलं तर खुळखुळायला लागलं. ते लाकूड वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

भोकासाठी प्लंज राउटरच (मोटर चालू असताना खाली दाबत नेता येणारा) हवा, आणि चार सुती कॉलेटचा. दांड्याची जाडी दुप्पट झाली की तेवढ्याच लांबीत त्याचा ताठपणा 16 पट होतो. खोल भोकात बिट थरथरत नाही ते यामुळे. एका फेरीत 3-4 मिलिमीटरच खाली जायचं, भुसा निघू द्यायचा, मग पुढची फेरी. कडेची गाइड, म्हणजे लाकडाच्या कडेला टेकून सरकणारी पट्टी, दोन्ही बाजूंना लावता आली तर राउटर डुलत नाही.

डव्हटेलचा, म्हणजे पक्ष्याच्या शेपटीसारख्या पसरत्या दातांच्या सांध्याचा, हिशेब वेगळा. ते बिट टोकाला रुंद आणि मानेत बारीक, त्यामुळे थोडं थोडं खाली उतरवता येत नाही. पूर्ण खोली एकाच फेरीत. मोटर चालू असताना राउटर वर उचललात तर सांधा आणि जिग (राउटरला वाट दाखवणारा साचा) दोन्ही फाटतात. इथे प्लंजचा उपयोग नाही, खोली जराही न हलणारा फिक्स्ड बेस बरा. आधी साध्या बारीक बिटाने मधलं लाकूड काढून घेतलं तर डव्हटेल बिटावर ताण येत नाही. जिगचं गाइड बुश (जिगच्या कडेला घासत चालणारी कडी) त्या बेसमध्ये बसतं का, ते घेण्याआधीच पाहा.

वेग कमी करता येतो ना, हेही बघा. 50 मिलिमीटर रुंद बिट मिनिटाला 24,000 फेऱ्यांवर फिरवलं तर त्याच्या धारेचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर होतो. एवढं मोठं बिट 12,000 च्या आसपासच चालवा.

आणि दुकानात, प्लग न लावता, प्लंज एकाच हँडलने खाली दाबून पाहा. सरळ उतरला पाहिजे. मध्ये अडकला, किंवा पूर्ण खाली नेल्यावर हाताला ढिला लागला, तर तो पीस परत ठेवा आणि दुसरा मागा.