गळ्यातली नळी आणि दारातली लाल रेघ

(पहाट. वाळपईहून सुटलेली बस. खिडकीशी काका, शेजारी काकू.)

बोलायचं झालं की काकांचं बोट आधी गळ्याकडे जातं. रुमालाखाली धातूची नळी आहे. तिचं तोंड दाबलं की श्वास वर वळतो आणि आवाज फुटतो. काका सत्तरीतले, काजूच्या बागायतीत राबलेले. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर ही नळी आली. डॉक्टर तिला फुलर म्हणतात, आता घरातही तेच नाव. बाहेर दोन पाकळ्यांची नळी, तिच्या आत दुसरी. आतली काढायची, घासायची, उकळायची, परत बसवायची. काकूंचे हात पाहा.

आज काकांच्या मानेचा एमआरआय आहे.

(बंद दार. जमिनीवर लाल रेघ.)

या दारामागचं चुंबक रात्रीही बंद होत नाही, वीज गेली तरी नाही. त्याची वेटोळी उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडालेली असतात. ताकद १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ३० हजार पटींहून जास्त. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन अशाच खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला.

(टेबलावर मांडलेल्या नळ्या.)

आता या नळ्या जरा निवांत बघू.

ही फुलर, ही जॅक्सन. जुन्या जॅक्सन नळ्या चांदीच्या असत, आणि चांदी चुंबकाकडे धावत नाही. ही तिसरी भूल देताना वापरतात. वाकली तरी मुडपू नये म्हणून तिच्या भिंतीत पोलादी तारेची स्प्रिंग आहे. चौथी सिलिकॉनची, मऊ, निरुपद्रवी दिसणारी. पण उजेडासमोर धरा: हिच्यातही तार आहे.

‘लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही, म्हणजे चालेल’ असं आम्ही चित्रीकरणात दोनदा ऐकलं. तेवढं पुरत नाही. यंत्र सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतं. न चिकटणाऱ्या धातूतही त्या प्रवाह निर्माण करू शकतात, धातू तापू शकतो. शिवाय चित्रात काळा डाग पडतो, नेमका जिथे बघायचं असतं तिथेच.

ही शेवटची साध्या पीव्हीसी प्लास्टिकची. धातूचा कणही नाही. हिचीच फुगेवाली बहीण मात्र निरखून घ्यावी लागते. फुगा भरायच्या झडपेत इवलीशी स्प्रिंग असते.

पाकिटावर खूण असते. हिरवा चौकोन, निर्धास्त न्या. पिवळा त्रिकोण, अटी वाचून न्या. लाल वर्तुळावर तिरकी रेघ, नेऊच नका. पण पाकीट तर नळी बसवतानाच कचऱ्यात जातं! रुग्णाच्या हाती उरतो कागद. आम्हाला दाखवलेल्या तीन डिस्चार्ज कार्डांवर फक्त ‘नळी बसवली’ एवढंच होतं. कसली, कुठल्या कंपनीची, एक अक्षर नाही. त्या एका ओळीसाठी ही फिल्म केली.

(नळी बदलताना.)

नळी बांधलेली नाडी सोडली. काकांना खोकला येतो, डॉक्टर थांबतात. जुनी नळी बाहेर, पीव्हीसीची आत. गळ्याची वाट जुनी, रुळलेली, म्हणून काही क्षणांत झालं. फुलर ट्रेमध्ये, रेघेच्या अलीकडे.

(बोगद्यात सरकणारं टेबल.)

आत हात गळ्यापर्यंत न्यायचा नाही, म्हणजे काकांना बोलता येणार नाही. म्हणून तंत्रज्ञाने मुठीत रबरी फुगा दिलाय. ‘काका, काही वाटलं तर दाबा.’ काकांनी एकदा दाबून पाहिला. बाहेर घंटी वाजली.

(आवाज फक्त यंत्राचा.)

(बाहेरचा बाक. काकू.)

काकूंनी नव्या नळीचं पाकीट मागून घेतलं. हिरव्या चौकोनाचा तुकडा कापला, आणि काकांच्या फाईलच्या पहिल्या पानावर टाचला.